स्टेज कोणतं घ्यायचं? गणेशोत्सवातल्या व्हिडिओ गेम स्पर्धेविषयी



गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाने कॅरम आणि बुद्धिबळाच्या जोडीला पहिल्यांदाच व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवली. खेळ होता निन्टेन्डोचा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’. अंतिम सामना मोठ्या पडद्यावर दाखवला आणि सभागृह निम्मं भरलं, पण समाधानाने घरी कोणीच गेलं नाही. एका मुलाने सुरुवातीला एका ‘जिवा’ची आघाडी घेतली आणि मग वेळ संपेपर्यंत तो नुसता पळत राहिला. नियमाप्रमाणे तोच जिंकला. हरलेला मुलगा प्रमाणपत्र न घेताच निघून गेला. दोन्ही घरांत पुढे काही दिवस बोलणं नव्हतं, हे बहुतेकांच्या कानावर आलंच असेल.

खरं सांगायचं तर चूक मुलांची नव्हती. सामना कुठल्या स्टेजवर होतोय, याकडे आम्ही संयोजकांनी लक्षच दिलं नव्हतं. यंदा नियम करायला बसलो तेव्हा मुलांनीच आम्हाला ते समजावून दिलं. तेच इथे मांडतो आहोत, म्हणजे पालकांना आणि आजी-आजोबांनाही पडद्यावर काय चाललंय ते कळेल.

आधी खेळाची मूळ गंमत. मारामारीच्या इतर खेळांत पडद्याच्या वर शक्तीची पट्टी असते. मार बसला की ती कमी होते आणि संपली की खेळाडू हरतो. मासाहिरो साकुराई यांनी १९९९ साली आणलेल्या पहिल्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’मध्ये हा हिशेब उलटा आहे. इथे मार बसेल तसा टक्क्यांचा आकडा वाढतो, आणि आकडा जितका मोठा तितका पुढचा फटका खेळाडूला लांब फेकतो. पडद्याच्या चारही बाजूंना न दिसणाऱ्या सीमा असतात. त्यांपैकी एखादी ओलांडली की एक जीव गेला. म्हणजे इथे समोरच्याला मैदानाबाहेर घालवायचं असतं. त्यामुळे मैदान केवढं, त्याचा आकार कसा आणि सीमा किती लांब, यावरच निम्मा खेळ ठरतो. क्रिकेटमध्ये खेळपट्टी पाहिल्याशिवाय संघ ठरत नाही, तसंच हे.

स्टेज म्हणजे बहुतेक वेळा हवेत तरंगणारा एक मोठा चौथरा. त्याच्यावर लहान फळ्या असतात, मुलं त्यांना प्लॅटफॉर्म म्हणतात. फळीवर खालून उडी मारून आरपार चढता येतं आणि तशीच ती सोडून खाली उतरताही येतं. कोपऱ्यात अडकलेल्याला पळायची वाट म्हणजे ही फळी, पण खाली टपून बसलेल्याच्या तावडीत सापडायची जागाही तीच. चौथऱ्याच्या कडेला हाताने लटकता येतं. बाहेर फेकला गेलेला खेळाडू धडपडत परत येऊन कड पकडतो, आणि प्रेक्षकांचा सगळ्यात मोठा आरडाओरडा तेव्हाच होतो. काही स्टेजना मात्र कडच नसते, जमीन थेट पडद्याबाहेर जाते. अशा ठिकाणी सीमेला चिकटून उभं राहायचं आणि जवळ येईल त्याला धरून बाहेर फेकायचं, एवढंच काम उरतं. म्हणून स्पर्धांमध्ये असली स्टेज घेत नाहीत.

‘अल्टिमेट’मध्ये शंभराहून जास्त स्टेज आहेत. त्यांतली बरीचशी चार-चार जणांनी हसत-खिदळत खेळायला केलेली आहेत. ‘ब्रिन्स्टार’मध्ये खालून तेजाब वर येतो. ‘बिग ब्लू’मध्ये धावत्या मोटारींवर उभं राहून लढायचं, खाली रस्त्यावर पडलात की मागे वाहून गेलात. घरी रविवारी दुपारी हे झकास आहे, पण बक्षीस लागलेलं असताना कोणी तेजाबामुळे हरलं तर त्याला काय सांगणार? असे अडथळे बंद करण्याची सोय खेळाच्या नियमांतच आहे. यंदा ती वापरायची.

पण गेल्या वर्षीचा घोळ अडथळ्यांमुळे झालाच नव्हता. तो सामना ‘टेंपल’वर झाला. ते २००१ च्या ‘मेली’पासून चालत आलेलं भलंमोठं, दिसायला देखणं स्टेज. त्यावर तेजाब नाही, मोटारी नाहीत. फक्त त्याच्या रचनेत गोल फिरायची वाट आहे. चपळ पात्र घ्यायचं, एकदा आघाडी मिळवायची आणि मग देवळाला प्रदक्षिणा घालाव्यात तसं फिरत राहायचं. मागचा हळू असेल तर तो जन्मात गाठू शकत नाही. जगभरच्या स्पर्धांनी हे स्टेज याच कारणासाठी बाद केलं आहे. आम्हाला त्याची कल्पनाच नव्हती.

मग सरळ सपाट स्टेज घ्यावं, फळ्याच नकोत, असं आमच्यातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी सुचवलं. तसं स्टेज आहेही, ‘फायनल डेस्टिनेशन’. पहिल्या खेळात शेवटच्या शत्रूशी लढाई व्हायची ती जागा. अनेक वर्षं पुष्कळ खेळाडूंनाही तेच सगळ्यात न्याय्य वाटे. मुलांनी मात्र आम्हाला दोन सामने खेळून दाखवले. लांबून गोळे फेकणाऱ्या पात्रासमोर सपाट जमिनीवर लपायला जागाच उरत नाही, आणि जमिनीवर भारी पण हवेत दुबळा असलेला ‘लिटल मॅक’ तिथे वाघ होतो. तेच पात्र तीन फळ्यांच्या ‘बॅटलफील्ड’वर आणलं की वरून येणाऱ्यांना आवरताना त्याची दमछाक होते. सगळ्यांना सारखं असं एकही स्टेज नाही, हे तेव्हा आमच्या डोक्यात शिरलं.

म्हणून मोठ्या स्पर्धांची पद्धत आपण घेतली आहे. पाच स्टेजची यादी: बॅटलफील्ड, फायनल डेस्टिनेशन, पोकेमॉन स्टेडियम २, स्मॅशव्हिल आणि टाउन अँड सिटी. नाणेफेक जिंकणारा एक स्टेज खोडेल, दुसरा दोन खोडेल, मग पहिला पुन्हा एक. उरेल त्यावर पहिला डाव. पुढच्या डावाआधी जिंकलेल्याने एक स्टेज खोडायचं आणि बाकीच्यांतून हरलेल्याने निवडायचं. तीन डावांत दोन जिंकेल तो पुढे.

लहान मुलांच्या गटाला यातलं काही लागू नाही. त्यांनी तेजाबातच खेळावं, त्यांना तेच आवडतं.

खोडलेली स्टेज फळ्यावर लिहायला आणि नाणं उडवायला प्रत्येक सामन्याला एक पंच लागेल. खेळ येत नसला तरी चालेल. इच्छुकांनी कार्यालयातल्या वहीत नाव लिहावं.

ही यादी गेल्या वर्षीच्या त्याच दोन मुलांनी एकत्र बसून केली आहे. स्मॅशव्हिलमधली सरकती फळी ठेवावी की नाही, यावर त्यांचा अर्धा तास वाद झाला. शेवटी ठेवली.