वेब ॲप्लिकेशनचे विनिर्देश व प्रोटोटाइप

वेब ॲप्लिकेशनचे विनिर्देश व प्रोटोटाइप ही सॉफ्टवेअर अभियांत्रिकीत प्रत्यक्ष विकासाच्या आधी वापरली जाणारी दोन साधने आहेत. ॲप्लिकेशनने नेमके काय केले पाहिजे याचे लेखी व तपासता येण्याजोगे वर्णन म्हणजे विनिर्देश. ते वापरताना कसे दिसेल व कसे वागेल हे दाखवणारी प्राथमिक प्रतिकृती म्हणजे प्रोटोटाइप. विकासाचे काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवले जाते, म्हणजेच आउटसोर्सिंग केले जाते, तेव्हा या दोन्हींना विशेष महत्त्व येते. ग्राहक संस्थेचे रोजचे व्यवहार बाहेरच्या विकासकांना ठाऊक नसतात. तसेच किंमत, मुदत आणि कामाची स्वीकृती या गोष्टी बहुतांशी लेखी मजकुराच्या आधारे ठरतात.

इतिहास

विन्स्टन रॉइस यांनी १९७० साली मांडलेल्या टप्प्याटप्प्याच्या विकासपद्धतीला पुढे 'धबधबा प्रारूप' हे नाव मिळाले. मात्र त्याच निबंधात रॉइस यांनी ही पद्धत जशीच्या तशी वापरणे जोखमीचे असल्याचे सांगून, अंतिम प्रणालीपूर्वी एक प्राथमिक प्रणाली तयार करण्याचा सल्ला दिला होता. फ्रेड ब्रुक्स यांनी 'द मिथिकल मॅन-मंथ' (१९७५) या पुस्तकात पहिली प्रणाली टाकून द्यावी लागणार हे गृहीत धरूनच नियोजन करावे, असे प्रतिपादन केले. १९९५ च्या आवृत्तीत त्यांनी या मताला मुरड घालून टप्प्याटप्प्याने वाढत जाणाऱ्या प्रणालीला पसंती दिली. विनिर्देशाच्या मांडणीसाठी आयईईई या संस्थेचे ८३० क्रमांकाचे मानक १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची जागा २०११ मध्ये आयएसओ/आयईसी/आयईईई २९१४८ या मानकाने घेतली.

प्रोटोटाइपचे प्रकार

* कागदी प्रोटोटाइप: पडद्यांची हाताने काढलेली रेखाटने. वापरकर्ता बोटाने 'बटण' दाबतो आणि दुसरी व्यक्ती पुढचा कागद समोर ठेवते. बदल करण्यास सर्वांत स्वस्त प्रकार.
* वायरफ्रेम: रंग व सजावट वगळून पानावरील घटकांची जागा आणि क्रम दाखवणारा आराखडा.
* क्लिक करता येणारा प्रोटोटाइप: पडदे एकमेकांना जोडलेले असतात, पण मागे डेटाबेस नसतो.
* कार्यरत प्रोटोटाइप: एखादा शंकास्पद तांत्रिक भाग शक्य आहे का, हे पाहण्यासाठी लिहिलेली मर्यादित आज्ञावली.

हुबेहूब दिसणाऱ्या प्रोटोटाइपमुळे काम जवळजवळ संपले आहे असा ग्राहकाचा समज होऊ शकतो. त्यामुळे सुरुवातीचे आराखडे अनेकदा मुद्दाम कच्चे ठेवले जातात.

विनिर्देशाचे घटक

विनिर्देशात सामान्यतः वापरकर्त्यांचे प्रकार व त्यांचे अधिकार, प्रत्येक कार्याची पायरीवार नोंद, माहितीची रचना, इतर प्रणालींशी जोडणी आणि स्वीकृतीच्या चाचण्या यांचा समावेश असतो. प्रत्येक आवश्यकतेला स्वतंत्र क्रमांक दिल्यास चाचणी व देयक त्या क्रमांकाशी जोडता येते. अनिवार्य, इष्ट आणि ऐच्छिक आवश्यकता वेगळ्या दाखवणेही गरजेचे असते.

वेग, सुरक्षा, उपलब्धता यांसारख्या गुणात्मक अपेक्षा मोजता येतील अशा शब्दांत लिहाव्या लागतात. 'पान लवकर उघडावे' या वाक्याची चाचणी घेता येत नाही. 'एकाच वेळी ५०० वापरकर्ते असताना शोधाचा निकाल २ सेकंदांत दिसावा' या वाक्याची घेता येते.

दोन्हींचे परस्परपूरक स्वरूप

प्रोटोटाइप आणि विनिर्देश एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. रुग्णालयाच्या भेटीची वेळ राखून ठेवणाऱ्या ॲप्लिकेशनचे उदाहरण घेता येईल. तारीख निवडण्याची सोय वयस्कर रुग्णाला समजते का, हे लेखी वर्णनावरून कळत नाही. ते प्रोटोटाइप वापरायला दिल्यावर दिसते. याउलट, दोन रुग्णांनी एकच वेळ एकाच क्षणी निवडल्यास ती कोणाला मिळेल, पैसे भरताना जोडणी तुटल्यास राखलेली वेळ किती मिनिटांनी मोकळी होईल, रुग्णाची माहिती कोणत्या कर्मचाऱ्याला दिसेल, या प्रश्नांची उत्तरे पडद्याच्या चित्रात नसतात. ती विनिर्देशात लिहिली नाहीत, तर विकासक आपल्या अंदाजाने ठरवतो आणि चूक बहुधा वापर सुरू झाल्यावरच लक्षात येते.

आउटसोर्सिंगमधील उपयोग

निश्चित किमतीच्या करारात विनिर्देश हीच कामाची मर्यादा ठरते. त्याबाहेरील मागणीसाठी वेगळी किंमत आकारली जाते. प्रत्यक्ष लागलेल्या वेळेनुसार पैसे देण्याच्या करारात बदल करणे सोपे असते, परंतु खर्च वाढण्याची जोखीम ग्राहकावर येते. दोन्ही प्रकारांत बदलाची विनंती कोणी मंजूर करायची, तसेच मूळ आज्ञावली, माहिती आणि सर्व्हरचा ताबा शेवटी कोणाकडे राहील, हे आधी लिहून ठेवणे आवश्यक असते.

परदेशी ग्राहकांसाठी होणारे सॉफ्टवेअरचे काम भारतात मोठ्या प्रमाणावर चालते. मुंबईतील सीप्झ आणि पुण्याजवळील हिंजवडी ही त्याची महाराष्ट्रातील प्रमुख केंद्रे आहेत. अशा कामात साधी गृहीतकेही अडचणीची ठरतात. ०४/०५ ही तारीख भारतात ४ मे, तर अमेरिकेत ५ एप्रिल अशी वाचली जाते. म्हणून तारीख, चलन, वेळक्षेत्र आणि नावाची रचना यांचा स्पष्ट उल्लेख केला जातो.

उदाहरण: हेल्थकेअर डॉट गव्ह

अमेरिकेत आरोग्य विमा घेण्यासाठी १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालेले हेल्थकेअर डॉट गव्ह हे संकेतस्थळ अनेक खासगी कंत्राटदारांकडून तयार करून घेण्यात आले होते. पहिल्या दिवशी त्यावरून केवळ सहा जणांची विमा नोंदणी पूर्ण होऊ शकली. योजना पाहण्याआधी खाते उघडण्याची अट असल्याने त्या एकाच टप्प्यावर प्रचंड ताण आला, आणि संपूर्ण प्रणालीची एकत्रित चाचणी अखेरच्या काही दिवसांवर ढकलली गेली होती. गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या लेखापरीक्षण संस्थेच्या २०१४ च्या अहवालानुसार, महत्त्वाच्या तांत्रिक आवश्यकता निश्चित नसतानाच कामे देण्यात आली होती. विमा बाजारपेठेच्या मुख्य प्रणालीवरील मंजूर रक्कम सप्टेंबर २०११ ते फेब्रुवारी २०१४ या काळात ५.६ कोटी डॉलरवरून २०.९ कोटी डॉलरच्या वर गेली. पुढे संकेतस्थळ दुरुस्त झाले. परंतु सुरुवातीच्या आठवड्यांत विम्याची गरज असलेल्या असंख्य नागरिकांना अर्ज पूर्ण करता आला नाही.

मर्यादा

विनिर्देश कितीही सविस्तर असला, तरी वापरकर्त्यांच्या सर्व गरजा आधी कळत नाहीत. २००१ च्या 'ॲजाइल जाहीरनाम्या'ने विस्तृत दस्तऐवजांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला आणि कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाच्या सहकार्याला अधिक महत्त्व दिले. त्यानुसार अनेक प्रकल्पांत संपूर्ण विनिर्देश एकदम न लिहिता, प्रत्येक लहान टप्प्यापुरत्या आवश्यकता लिहून त्या प्रोटोटाइपवर पडताळल्या जातात. या पद्धतीत दस्तऐवज लहान होतो; मात्र निर्णय घेण्याचा अधिकार असलेली व्यक्ती ग्राहकाकडून सातत्याने उपलब्ध असणे अपरिहार्य ठरते.