रायगडचा उन्हाळा आणि गोड पेये

मांडव्याच्या धक्क्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर, जेथे चैत्र-वैशाखाच्या दमट उष्म्याने अंग सतत घामेजलेले असते, तेथे गोड पेयांच्या नित्य सेवनाचे कारण तहान हेच असावे असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु सारा दोष ऋतूच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही. अमेरिकेतील पाहण्यांत तरुण वय, अल्प शिक्षण, धूम्रपान आणि व्यायामाचा अभाव यांच्याशी या सवयीचा संबंध आढळला आहे. आपल्याकडे त्यात पाहुणचाराची, टपरीवरच्या वारंवार होणाऱ्या चहाची आणि हाताशी असलेल्या बाटलीची भर पडते. ३०० मिलिलिटर कोलात ३० ग्रॅमांच्या आसपास साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घालून दिलेली मर्यादा प्रौढास दिवसाकाठी सुमारे ५० ग्रॅमांची आहे. शिवाय द्रवरूप साखरेने तृप्ती अल्प होत असल्यामुळे ती जेवणाची जागा न घेता जेवणावर चढते.

कोकमाचे उदाहरण विशेष चिंतनीय आहे. साखरेच्या पाकातले अमृतकोकम आरोग्यदायी म्हणून निःशंकपणे रिचविले जाते, वास्तविक बिनसाखरेचे आगळ आणि त्याची सोलकढी याच मुलुखाची. रक्तदाबाच्या रुग्णाने मात्र त्यातील मिठाचा विचार करावा. अलिबाग-मुरूडच्या उपाहारगृहांनी सरबतातील साखर गिऱ्हाइकास विचारून घालावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.