नाशिकच्या शिलालेखांतील समुद्रतीर

नाशिक शहराच्या दक्षिणेस सुमारें ८ किलोमीटरांवर त्रिरश्मि पर्वतांत जीं बौद्ध लेणीं आहेत, त्यांस लोक पांडवलेणीं म्हणतात. पैकीं दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. क्षत्रपांचा कालनिर्णय व त्या काळचे व्याजाचे दर यांच्या संबंधांत हे लेख अभ्यासकांच्या परिचयाचे आहेतच. परंतु घाटमाथ्यावरील या दगडांत समुद्रतीराच्या व्यवस्थेचीहि नोंद आहे, तिकडे वाचकांचें लक्ष वेधावें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. किनाऱ्यावरील कामें कशानें टिकतात, हा प्रश्न आज पुनः निकडीचा झाला आहे.

उषवदातानें इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या सहा नद्यांवर नावा ठेवून उतारूंस विनामूल्य तरीची सोय केली आणि दोन्ही तीरांवर विश्रांतिस्थानें व पाणपोया घातल्या, असें लेखांत म्हटलें आहे. इबा म्हणजे अंबिका, पारादा म्हणजे पार, दमण म्हणजे दमणगंगा, करबेणा म्हणजे गुजरातेंतील लहानशी कावेरी व दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, असें विद्वान मानतात. याच लेखांत नानंगोल गांवच्या ३२,००० नारळींचें दान नमूद असून तें गांव म्हणजे समुद्रकांठचें नारगोळ होय, असेंहि मत आहे. या नद्यांच्या मुखांतून दिवसांतून दोन वेळां भरतीचें पाणी आंत शिरतें, व पावसाळ्यांत वरून पूर येतो. अशा ठिकाणीं तर चालविणें म्हणजे दोन्ही पाण्यांचा मेळ रोज सांभाळणें होय.

या सहांपैकीं अंबिका, पार व दमणगंगा या तीन नद्या नाशिक जिल्ह्यांतील डोंगरांतच उगम पावतात. पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांचें पाणी समुद्रांत वाया जातें, तें गोदावरीच्या खोऱ्यांत वळवावें, अशी मागणी या भागांत वारंवार होते. दुष्काळी तालुक्यांची तहान खरी आहे. तिच्याविषयीं आम्हांस कांहींच म्हणावयाचें नाहीं. परंतु ‘वाया’ हा शब्द तपासून घेतला पाहिजे. नदी समुद्रास केवळ पाणी देत नाहीं. वाळू व गाळहि देते. लाटांनीं ओढून नेलेल्या वाळूची भरपाई त्यांतूनच होते. धरणांत गाळ अडला म्हणजे मुखाजवळचा किनारा उपाशी राहतो. सबब किनाऱ्याचा हिशेब घाटमाथ्यापासून मांडावा लागतो.

आतां दुसऱ्या एका नोंदीकडे वळूं. उषवदातानें ३,००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ‘अक्षयनीवि’ म्हणून ठेवले. पैकीं २,००० वर दरमहा शेंकडा १ व १,००० वर शेंकडा पाऊण असें व्याज ठरलें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याज तेवढें खर्चावयाचें, अशी अट होती. ही रक्कम लेण्यांतील भिक्षूंच्या वस्त्रादि गरजांसाठीं होती, तरींसाठीं नव्हे. नावांच्या डागडुजीची तरतूद लेखांत दिसत नाहीं, व ती कल्पनेनें भरून काढणें संशोधकास शोभणारें नाहीं. तथापि एखादी सोय निर्माण करणें निराळें व ती वर्षानुवर्षें चालविणें निराळें, हा भेद त्या काळीं पक्का ठाऊक होता, इतकें यावरून निश्चित होतें.

हाच भेद कोंकणच्या खारभूमीच्या इतिहासांत अधिक स्पष्ट दिसतो. खाडीकांठीं मातीचा बांध घालून भातजमीन मिळवावयाची, व बांधांत उघाडी ठेवावयाची. ओहोटीस ती उघडून पावसाचें पाणी बाहेर जातें, भरतीस मिटून खारें पाणी अडतें. बांधास एकदां खांड पडली कीं शेत खारावतें, आणि तें मीठ धुऊन निघण्यास कांहीं पावसाळे जावे लागतात. जुन्या कुलाबा जिल्ह्यांतील शिलोत्री पद्धतींत बाहेरील बांध राखण्याचें काम शिलोत्रदाराकडे असे, व त्यासाठीं कुळें दर बिघ्यामागें धान्य देत. त्या पद्धतींत कुळांची पिळवणूकहि झाली. ती गेली याचें दुःख नाहीं. परंतु खांड पडतांच कोणाच्या दारीं जावयाचें, हें तेव्हां प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक होतें. पुढें १९४८ च्या मुंबई इलाख्याच्या व १९७९ च्या महाराष्ट्राच्या खारभूमि कायद्यान्वयें ही जबाबदारी सरकारी यंत्रणेकडे आली. बांधावर रोज नजर ठेवणारा मनुष्य मात्र केवळ कायद्यानें निर्माण होत नाहीं.

इकडे समुद्रहि पूर्वीचा राहिला नाहीं. हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणें १९०१ ते २०१८ पर्यंत जगांतील समुद्राची सरासरी पातळी सुमारें २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर, चढली. आणि चढण्याचा वेगहि वाढत आहे. बांधाचा माथा वीतभर उंच करावयाचा तर उतार तोच राखण्यासाठीं पायाहि रुंदावा लागतो. शिवाय पाणी खोल झालें कीं लाटहि मोठी येते. निव्वळ दगडी भिंत घातल्यास लाट तिच्यावर आपटून पायथ्याची वाळू उपसते, आणि धूप शेजारच्या गांवीं सरकते. म्हणून बांधापुढें तिवरांचें रान राखणें हा अलंकार नसून संरक्षणाचाच भाग होय. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळानें रायगडच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, व त्याचा पाऊस-वारा नाशिक जिल्ह्यापर्यंत पोंचला. ज्या झाडांच्या दानास दोन हजार वर्षांपूर्वीं शिलालेखांत स्थान मिळालें, तींच या वादळांत पडलीं. नव्या नारळीस फळ धरावयास पांचसहा वर्षें तरी लागतात. तोंवर बागाईतदारानें काय खावें, याचें उत्तर एकवेळच्या मदतींत मिळत नाहीं.

लेखांतील दाहनुकेच्या शेजारींच आज वाढवण बंदराचें काम योजिलें आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानें जून २०२४ मध्यें त्यास मंजुरी दिली. समुद्रांत १,४४८ हेक्टर भराव व १० किलोमीटरांहून लांब लाटरोधक बांध अशी ती योजना आहे. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित आहे, आणि तेथील मच्छीमारांनीं या बंदरास दीर्घकाळ विरोध केला आहे. व्यापार वाढावा हें योग्यच. सोपारा व भरुकच्छ यांच्या बळावरच प्राचीन नाशिकचाहि उत्कर्ष झाला. पण एवढा बांध घातल्यावर वाळूचा प्रवाह कोठें वळेल, मासेमारीच्या जागा किती उरतील, आणि शेजारच्या गांवांची धूप झाल्यास ती कोणी भरून द्यावयाची, हे प्रश्न बांधकामाच्या खर्चाइतकेच महत्त्वाचे आहेत.

आमच्या मतें किनाऱ्यावरील प्रत्येक कामाच्या कागदांत तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या: देखभालीचें मुद्दल किती, त्याचें उत्पन्न कोणत्या कामीं खर्चावयाचें, आणि त्यास जबाबदार कोण. गोवर्धनच्या कोष्ट्यांकडे ठेवलेल्या रकमेविषयीं या तिन्ही गोष्टी लेण्याच्या भिंतीवर कोरलेल्या असून आजहि वाचतां येतात. भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं जी काळजी घेतली गेली, ती खारबांधासाठीं घेणें आपणांस अवघड वाटूं नये.