वितळलेले घड्याळ आणि तैलरंगाचा सराव

पालघर जिल्ह्यात चित्रकला म्हटली की आधी वारली आठवते, आणि ते रास्तच आहे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तांदळाच्या पिठाची ती रेघ जगभर पोहोचवली. पण बोईसर-तारापूरला पाळीची नोकरी सांभाळून कुणाला तैलरंग शिकायचा असेल, तर त्याची वाट वेगळी आहे. त्याने निसर्गचित्राने सुरुवात न करता साल्वादोर दालीच्या ‘स्मृतीचे सातत्य’ या 1931 च्या चित्राची नक्कल करावी, असे मला ठामपणे वाटते. चित्र जेमतेम 24 बाय 33 सेंटिमीटरचे, म्हणजे ए-फोर कागदाहून थोडेच मोठे. त्यातली वितळलेली घड्याळे स्वप्नातली असली तरी रंगवण्याची पद्धत मात्र जुन्या युरोपीय चित्रकारांची, घोटून घोटून केलेली आहे. शिकणाऱ्याला नेमका याचाच फायदा होतो. नाक किंवा झाड रंगवताना हात सवयीने धावतो आणि डोळा आळसावतो. टेबलाच्या कडेवरून ओघळणाऱ्या घड्याळाची सवय कुणाच्याच हाताला नसते. कडा कुठे धारदार आहे, कुठे विरघळते, सावली किती गडद आहे, हे दर इंचाला पाहूनच ठरवावे लागते.

सुरुवात टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने करावी. हा तपकिरी रंग लवकर वाळतो, म्हणून उजेड-अंधाराचा पहिला आराखडा त्यात बसवणे सोपे जाते. पुढच्या प्रत्येक थरात जवसाचे तेल थोडे वाढवत न्यायचे. तारापूरच्या रसायन कारखान्यात काम करणाऱ्याला यामागचे कारण सहज कळेल: जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. खालचा थर तेलकट आणि वरचा कोरडा असेल, तर खालचा अजून हलत असताना वरचा कडक होतो आणि चित्राला तडे जातात. खरी परीक्षा आकाशाची. वर निळा, क्षितिजाशी पिवळसर. हे दोन्ही रंग ओले असताना थेट एकमेकांत ओढले की मध्ये हिरवट पट्टा उमटतो. मध्ये पांढऱ्याकडे झुकणारी फिकट छटा ठेवून, कोरड्या मऊ ब्रशने अगदी हलक्या हाताने सांधा पुसावा लागतो. किनारपट्टीच्या दमट हवेत रंग वाळायला वेळ घेतो आणि कॅनव्हासला बुरशीही धरते, म्हणून हे काम पावसाळा सरल्यावर काढावे. टर्पेंटाइनच्या वासासाठी खिडकी उघडी हवीच.

मूळ चित्र न्यूयॉर्कच्या संग्रहालयात. छापील प्रतीवरून तंत्र कसे कळणार, ही शंका खरी आहे. छपाईत रंग बदलतात. पण व्हॅन गॉगसारखे रंगाचे जाड उंचवटे दालीच्या या चित्रात नाहीत. पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने छपाईत हरवते ते कमी. मग आपल्या प्रभाकर बरवे यांचीच चित्रे का घेऊ नयेत? त्यांच्या चित्रांतली अधांतरी वस्तूंची दुनिया मला दालीहून जवळची वाटते. पण त्यांनी बराचसा वापर एनॅमल रंगाचा केला, आणि तैलरंगाचे संथ, ओल्यात ओले मिसळणे त्यातून शिकता येत नाही.

नक्कल करून स्वतःची नजर मरते, हा आक्षेप जुना आहे. 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच, आणि पुढे ते स्वतःच्या बळावर नामवंत व्यक्तिचित्रकार झाले. नजर मरते ती नक्कल आपली म्हणून मिरवल्याने. दालीचे निधन 1989 चे, आणि भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो. म्हणून ही प्रत सरावासाठी घरीच ठेवावी, विकू नये, आणि कॅनव्हासच्या मागे ‘दालीच्या चित्रावरून’ असे लिहून आपले नाव घालावे.