उपेक्षा : वैद्यवृत्तीचा दुर्लक्षित चतुर्थांश

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, खुड्डाकचतुष्पाद या नवव्या अध्यायाच्या अखेरीस, वैद्याची वृत्ती चार प्रकारची सांगितली आहे : मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि प्रकृतिस्थांविषयी उपेक्षा. आपणा सर्वांना हे परीक्षेपुरते मुखोद्गत होते. मैत्री व कारुण्य यांवर धन्वंतरी जयंतीला व्याख्यानेही होतात. चौथ्या शब्दापाशी मात्र आपण अडखळतो. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. मुलांनी वृद्धापकाळी उपेक्षा केली, असे आपण म्हणतो. आणि येथे 'प्रकृतिस्थ' म्हणजे ठणठणीत मनुष्य नव्हे. चक्रपाणिदत्तांनी टीकेत मरणासन्न असाच अर्थ घेतला आहे. मग मरणाऱ्याची हेळसांड करावी, असे आचार्य सांगतात काय?

पतंजलींच्या योगसूत्रांतील समाधिपादात हीच मालिका थोड्या फरकाने येते. तेथे प्रीतीच्या जागी मुदिता आहे आणि उपेक्षेचा विषय आहे अपुण्यवान मनुष्य. बौद्ध परंपरेतील चार ब्रह्मविहारांतही उपेक्षा आहेच. या दोन्ही ठिकाणी तिचे प्रयोजन चित्ताची प्रसन्नता व समता हे आहे. 'उप' आणि 'ईक्ष्' यांचा अवयवार्थ जवळ राहून पाहणे असा होतो. संस्कृतातही दुर्लक्ष हा अर्थ रूढ आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मैत्री आणि कारुण्य यांच्या पंक्तीला बसलेल्या शब्दाचा अर्थ त्या पंक्तीला शोभेल असाच घ्यावयास हवा, असे आमचे मत आहे.

प्रत्यक्ष चिकित्सालयात याची कसोटी लागते. यकृताचा अर्बुद पसरलेला, बल व मांस क्षीण झालेले, अन्नद्वेष, पायांवर शोथ. इस्पितळाने घरी पाठविलेला रुग्ण. त्याचे आप्त आपल्याकडे येतात ते बहुधा याच अवस्थेत. "वैद्यराज, काहीतरी द्याच," असे ते म्हणतात. अशा वेळी सुवर्णयुक्त कल्प लिहून देणे सर्वांत सोपे असते. आप्तांचे समाधान होते, आपल्याही मनाची तळमळ शमते. आम्हांस वाटते की अशा कित्येक चिठ्ठ्या रुग्णासाठी लिहिलेल्या नसून वैद्याच्या स्वतःच्या अस्वस्थतेवर लिहिलेल्या असतात. कारुण्य आहे, परंतु त्याला उपेक्षेचा आधार नाही. म्हणून ते औषधाच्या किमतीतून वाट काढते.

याच ठिकाणी आपल्या औषधविक्रेत्या बंधूंचाही संबंध येतो. रसायनपादात चरकांनी चिकित्सेचा बाजार मांडणाऱ्यास सोन्याची रास टाकून धुळीची रास उचलणारा म्हटले आहे. दुकान चालवावयाचे तर विक्री करावीच लागते, हे आम्ही जाणतो. तरीही कर्ज काढून महागडे भस्म मागणाऱ्या मुलाला, "आधी आठवड्यापुरतेच न्या आणि वैद्यांना पुन्हा विचारा," एवढे सांगणारा विक्रेता गावोगावी आढळतो, आणि त्याचे दुकान बुडाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

असाध्य व्याधीची चिकित्सा करणाऱ्याचे अर्थ, विद्या व यश यांची हानी होते, हे दहाव्या अध्यायातील वचन पुष्कळदा हात झटकण्यासाठी वापरले जाते. चिकित्सा थांबविणे आणि जाणे-येणे थांबविणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. मुख ओले ठेवणे, पेज वा मंड रुचेल तेवढाच देणे, मलावरोधाकडे लक्ष ठेवणे, कूस बदलून शय्याव्रण टाळणे, वेदना असह्य असतील तर वेदनाशमनासाठी आधुनिक तज्ज्ञाकडे निःसंकोच पाठविणे, एवढे करावयाचे राहतेच. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले. असाध्य कर्करुग्णांच्या शुश्रूषेसाठी भारतात निघालेली ही पहिली संस्था. बरे करण्याचा आग्रह सोडूनही रुग्णाजवळ थांबता येते, हे तेथे दिसते.

आता ही समता आणावयाची कोठून? उपदेशाने ती येत नाही. आचाररसायनाची यादी पुन्हा वाचावी. सत्य, अक्रोध, आनृशंस्य व करुणा यांच्याच बरोबरीने तेथे निद्रा व जागरण यांचे प्रमाण आणि नित्य दूध-तूप यांचाही निर्देश आहे. दुपारी तीन वाजता उभ्याने जेवणारा आणि मध्यरात्रीपर्यंत फोन घेणारा वैद्य सायंकाळच्या पंचविसाव्या रुग्णावर खेकसला, तर त्यात त्याच्या दुष्टपणापेक्षा वातप्रकोपाचा भाग अधिक. (हीच यादी आपण रुग्णांना किती तत्परतेने लिहून देतो!) दोन रुग्णांमध्ये क्षणभर थांबून हात धुणे, आणि मरणासन्न रुग्णाच्या घरून आल्यावर लगेच पुढचे नाव न पुकारणे, एवढे तर पाळता येईल.

एक प्रश्न मात्र आम्हांस अद्याप सुटलेला वाटत नाही. इंद्रियस्थानाच्या अखेरच्या अध्यायात, अरिष्टे दिसत असूनही मरण न विचारता सांगू नये, आणि विचारले तरी रुग्णाला वा आप्तांना आघात होणार असल्यास सांगू नये, असे मार्गदर्शन आहे. आज रुग्णाला स्वतःच्या स्थितीची माहिती मिळण्याचा अधिकार आहे. शेतीची वाटणी, मुलीचे लग्न, परगावच्या भावाची भेट हे सारे त्या माहितीवर अवलंबून असते. आम्ही स्वतः विचारणाऱ्यास सांगतो, पण आकडा सांगत नाही. आणि सांगून झाल्यावर त्या घरातून घाईने उठत नाही. वाचक वैद्य या प्रसंगी काय करतात, हे पुढील अंकासाठी अवश्य लिहून कळवावे.