गाठ आणि तिचा शेजार

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपण मुलांच्या संगतीविषयी नेहमी वापरतो. पेढीवर नवा माणूस ठेवतानाही त्याच्या अंगच्या गुणांबरोबर त्याची ऊठबस कोणाशी आहे, हे आपण पाहतो. शरीरातील पेशींनाही बऱ्याच अंशी हाच न्याय लागू पडतो. स्तनाच्या कर्करोगाकडे पाहण्याची वैद्यकशास्त्राची दृष्टी या जाणिवेने पालटली असून, तिचा परिणाम उपचारांवरही होत आहे.

एखाद्या पेशीच्या जनुकांत बिघाड होतो, ती बेबंद वाढू लागते आणि तिची गाठ होते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती खोटी नव्हे; मात्र ती अर्धीच आहे. उरलेल्या अर्ध्याकडे प्रथम लक्ष वेधले ते लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. रोग यकृतात पसरल्याची उदाहरणे २४१ होती, प्लीहेत मात्र अवघी १७. रक्त तर दोन्ही अवयवांना मिळते. मग हा पंक्तिप्रपंच का? १८८९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये पॅजेट यांनी उत्तर दिले : बी चहूकडे विखुरते, परंतु उगवते ते मानवणाऱ्या भूमीतच.

हा विचार पुढे बराच काळ मागे पडून राहिला. त्याला प्रयोगाचे बळ दिले ते तेहरानमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेतील बर्कली येथे संशोधन करणाऱ्या मिना बिसेल यांनी. कोंबड्यांमध्ये गाठ उत्पन्न करणारा एक विषाणू विसाव्या शतकाच्या आरंभापासून ठाऊक होता. तोच विषाणू अंड्यातील वाढत्या गर्भात सोडला असता गाठ होत नाही, असे बिसेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८४ साली दाखवले. विषाणू गर्भात कार्यरत होता, तरीही पेशी शिस्तीत राहिल्या. मात्र त्याच पेशी गर्भातून सुट्या करून काचेच्या बशीत ठेवताच त्या कर्करोगी झाल्या. दोष तोच होता. त्याला आवर घालणारा शेजार तेवढा सुटला होता.

स्तनातील हा शेजार कसा असतो? दुधाच्या नलिकांना आतून पेशींचे अस्तर असते. त्याभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींचा थर आणि त्याबाहेर प्रथिनांचे एक पातळ पटल असते. त्यापलीकडे कोलॅजनचे तंतू, ते विणणाऱ्या पेशी, चरबी, रक्तवाहिन्या आणि शरीराच्या संरक्षणाचे काम करणाऱ्या पेशी नांदतात. निरोगी स्तनात ही सारी मंडळी नलिकेतील पेशीला जणू सतत बजावत असतात, ‘तुझी जागा ही, तुझे काम हे.’ कर्करोगात हीच मंडळी हळूहळू फितूर होतात. तंतू विणणाऱ्या पेशी वाढीला उत्तेजन देणारी द्रव्ये पुरवू लागतात. संरक्षक पेशींपैकी काही जणी रोगपेशीला रक्तवाहिनीपर्यंत वाट काढून देतात. कोलॅजन दाट आणि ताठ होते. तपासताना बोटाला लागणारा गाठीचा कठीणपणा बराचसा या बदललेल्या शेजाराचा असतो. तो ताठपणाही पेशीला अधिक आक्रमक होण्याची चिथावणी देतो.

बिसेल यांच्या प्रयोगशाळेतून १९९७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने फार बोलका आहे. शेजाराकडून येणारे निरोप पेशीच्या पृष्ठभागावरील काही प्रथिने आत पोहोचवतात. संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगपेशी मऊ जेलमध्ये वाढवल्या आणि अशा एका प्रथिनाला प्रतिपिंडाने अटकाव केला. तेव्हा त्या बेशिस्त पेशींनी वाढ आवरती घेतली आणि निरोगी स्तनात दिसतात तशा गोल, नेटक्या रचना केल्या. त्यांच्या जनुकांतील दोष मात्र जसाच्या तसा होता. म्हणूनच त्या पेशी सुट्या करून प्रतिपिंडाविना पुन्हा वाढवल्या, तेव्हा त्यांचा मूळ स्वभाव परत आला.

हे ज्ञान आज रुग्णांच्या उपयोगी पडत आहे. हाडाचेच उदाहरण घ्या. हाडात जुना भाग झिजवणाऱ्या आणि नवा घडवणाऱ्या पेशींचा जमाखर्च आयुष्यभर चालू असतो. स्तनातून तेथे पोहोचलेली रोगपेशी झिजवणाऱ्या पेशींना चेतवते. हाड झिजले की त्यात साठलेली वाढीची द्रव्ये मोकळी होतात, आणि त्यांवर रोगपेशी आणखी पोसते. चक्रवाढ व्याजासारखा हा प्रकार आहे. झोलेड्रोनिक ॲसिडसारखे औषध हाडाची ही झीज रोखते. पाळी थांबलेल्या स्त्रियांना आरंभीच्या अवस्थेत ते दिल्यास रोग हाडांत उलटण्याचे प्रमाण घटते, असे आढळले आहे. पाळी थांबल्यानंतर चरबीतही इस्ट्रोजेन तयार होते आणि कित्येक गाठी त्यावर वाढतात. लेट्रोझोलसारख्या गोळ्या ही निर्मितीच बंद करतात. उतारवयात वजन आटोक्यात ठेवावे असे डॉक्टर सांगतात, त्याचे एक कारण हेच आहे.

आपल्याजवळचे उदाहरण मुंबईचे आहे. शस्त्रक्रियेत गाठ हाताळली जाते त्या वेळी रोगपेशी विचलित होऊन दूर जाऊ पाहत असतील, तर त्यांच्या परिसरालाच काही क्षण शांत करता येईल का, असा प्रश्न परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला. भारतातील ११ केंद्रांमधील सुमारे १,६०० स्त्रिया या चाचणीत होत्या. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीच्या चहूबाजूंना लिग्नोकेनचे, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या नेहमीच्या औषधाचे, इंजेक्शन दिले गेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा वर्षांनंतर इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के, तर दिलेल्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या. औषध जुने आणि अगदी स्वस्त. त्याचा उपयोग कोठे करावा, हा विचार तेवढा नवा.

हे वाचून दोन गैरसमज होण्याचा संभव आहे, म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे. पहिला असा, की शेजार सुधारला म्हणजे रोग बरा होतो. तेव्हा पथ्य, काढे आणि मनःशांती यांवर भागेल. तसे नाही. बिसेल यांच्या प्रयोगातही दोष पेशीच्या पोटात कायम होता. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे यांना पर्याय नाही. शेजाराचे ज्ञान त्यांच्या मदतीला येते. दुसरा गैरसमज आपल्या घरांतून फार ऐकू येतो : ‘सुई लावली की गाठ चेकाळते.’ या भीतीने कित्येक स्त्रिया तपासणी टाळतात. सुईने तुकडा काढून तपासणे ही सुरक्षित आणि आवश्यक पायरी आहे. तिच्याविना योग्य उपचार ठरवताच येत नाही. खरे नुकसान करतो तो विलंब. प्रत्येक महिन्यागणिक गाठीला आपला शेजार फितवायला अवधी मिळत असतो.

लवकर निदानासाठी नेहमी महागडी यंत्रेच लागतात असेही नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर टाटा स्मारकाने सुमारे २० वर्षे एक अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका एका गटातील स्त्रियांची दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी करीत. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात तशी घट दिसली नाही. म्हणून तरुण स्त्रीने गाठ जाणवताच डॉक्टरांकडे जावे, नियमित तपासणीची वाट पाहू नये.

न दुखणारी कठीण गाठ, त्वचेला पडलेली खळी, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, काखेतील गाठ, यांपैकी काहीही आढळले तर ते त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. आपल्या घरांत स्त्रिया असे दुखणे बहुधा झाकून ठेवतात. आधी मुलीचे लग्न उरकू दे, दिवाळीचा हंगाम जाऊ दे, वर्षाचे हिशेब होऊ देत, असे म्हणत महिने जातात. तेव्हा घरातील पुरुषांनीही आपली आई, पत्नी, बहीण यांना हा प्रश्न संकोच न बाळगता विचारावा, आणि दुकान एक दिवस दुसऱ्यावर सोपवून त्यांच्याबरोबर दवाखान्यात जावे.