उंबऱ्यातला पहिलवान

‘लई दारासिंग समजतो व्हय रं स्वतःला?’ आमच्या घोरावाडीत पोरांची मारामारी सोडवायला आलेलं थोरलं माणूस हटकून असंच विचारायचं. ज्यानं दारासिंगांची एकही कुस्ती पाहिली नव्हती, त्यालाही ताकदीचं माप म्हणून हेच नाव ठाऊक होतं.

दारासिंगांचा जन्म १९ नोव्हेंबर १९२८चा, अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचक गावचा. १९४७ साली ते पोटासाठी सिंगापूरला गेले आणि कारखान्यात राबता राबता हरनामसिंग यांच्याकडे कुस्ती शिकले. १९५४ साली ते ‘रुस्तम-ए-हिंद’ झाले. १९५९ साली कोलकात्यात त्यांनी राष्ट्रकुल अजिंक्यपद मिळवलं आणि १९६८ साली मुंबईत अमेरिकेच्या लू थेझ यांना हरवलं.

आमच्या मावळात कुस्ती म्हणजे तांबडी माती आणि हलगी. पाठ टेकली की निकाल लागला. दारासिंगांची फ्रीस्टाइल कुस्ती वेगळी. मुष्टियुद्धासारखंच दोरांनी वेढलेलं चौकोनी रिंगण आणि भोवती तिकीट काढून आलेले हजारो लोक. तिथं नुसतं जिंकून भागत नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव दिसावा लागतो. समोरच्याला डोक्यावर उचलून आपटायचं, पण त्याची मान सांभाळून. म्हणजे अर्धा अभिनय दारासिंग रिंगणातच शिकले होते, असं मला वाटतं.

१९५२च्या ‘संगदिल’मध्ये ते पडद्यावर दिसले आणि १९६२च्या ‘किंग काँग’पासून नायक झाले. मग ‘फौलाद’, ‘सिकंदर-ए-आझम’ अशी रांगच लागली. जाणकारांनी या चित्रपटांना ‘स्टंटपट’ म्हणून नाकं मुरडली. नावाजलेल्या नायिका पहिलवानासोबत उभ्या राहायला कचरत. तेव्हा नवख्या मुमताज त्यांच्या नायिका झाल्या. दोघांचे सोळा चित्रपट आले आणि पुढं मुमताज आघाडीच्या तारका झाल्या. दारासिंगांच्या हिंदीचं पंजाबी वळण मात्र शेवटपर्यंत गेलं नाही.

महान मुष्टियोद्धा महंमद अली १९७७ साली ‘द ग्रेटेस्ट’ या चित्रपटात दिसला, तो महंमद अली म्हणूनच. त्याच्या आदल्याच वर्षी, ‘बजरंगबली’मध्ये, दारासिंगांनी स्वतःला पुसून टाकलं होतं. पुढं १९८७-८८मध्ये दूरदर्शनच्या ‘रामायण’ मालिकेत तोच हनुमान घरोघरी पोचला. तेव्हा ते साठीला टेकले होते.

आमच्या आळीत टीव्ही एकच, शेजारच्या मामांकडे. मामा तालमीत घुमलेले, यात्रेत नारळाच्या कुस्त्या मारलेले. रविवारी सकाळी त्यांचं घर भरून जाई. माझे अब्बा रेल्वेत गँगमन. तरुणपणी त्यांनी मुंबईत दारासिंगांची कुस्ती पाहिली होती. तेही यायचे, पण उंबऱ्यातच टेकायचे. मामा ओरडायचे, ‘भाई, दारात नका बसू, आत या. तुमचा पहिलवान आलाय!’ रामापुढं गुडघा टेकून बसलेला हनुमान पाहून एकदा अब्बा मला म्हणाले, ‘बघ, एवढा रुस्तम-ए-हिंद, पण कसा खाली बसलाय.’

डिसेंबर १९९२मधल्या त्या रात्री मी विसरलेलो नाही. बातम्या वाईट होत्या. आमच्या घरी दिवा लवकर मालवला गेला. थोड्या वेळानं बाहेर खाकरल्याचा आवाज आला. अब्बांनी दार उघडलं, तर मामा घोंगडी घेऊन आमच्या ओट्यावर बसलेले. कुणाला दम दिला नाही की हातात काठी नव्हती. अब्बा म्हणाले, ‘आत या.’ मामा म्हणाले, ‘दारातच बरं हाय, भाई.’ तीन रात्री ते तिथंच झोपले. घोरावाडीत काहीही झालं नाही.

२००३ साली दारासिंग राज्यसभेवर गेले. १२ जुलै २०१२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्या संध्याकाळी वाहिन्यांवर त्यांची जुनी दृश्यं पुन्हापुन्हा लागत होती. किंग काँगशी झालेली झुंज होती, तशी हनुमानाची उडीही होती. ती पाहताना मला मात्र ओट्यावरची ती घोंगडी आठवत होती. अब्बा आणि मामा, दोघंही तोवर गेले होते. नाहीतर दोघांनी मिळून टीव्ही पाहिला असता, आणि उंबऱ्यात कोण बसणार यावरून वादही घातला असता.